घुमटाच्या तोंडावरचा हात: ट्यूब अ‍ॅम्पचा बेस कुठे जातो आणि परत कसा आणायचा

माझ्या मावसभावाने म्हापशाच्या फ्लॅटसाठी ट्यूब अ‍ॅम्प घेतला, ३००बी व्हॉल्व्हचा (व्हॉल्व्ह किंवा ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायची ती काचेची नळी), एका चॅनेलला ८ वॉट देणारा, आणि पहिल्याच रात्री त्याचा फोन. "दादा, गळा असा येतो की बाई समोर बसून गातेय असं वाटतं, पण बेस कुठे गेला रे? आणि जो काय येतो तो नुसता घुमतो." त्याच स्पीकरांवर आधी दहा वर्षं जुना ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प होता, तेव्हा बेस पोटात लागायचा. विकणाऱ्याने सांगितलं होतं की ट्यूबचा बेस असाच उबदार असतो, महिनाभर वाजवा, कानाला सवय होईल. महिना झाला, काही सवय झाली नाही.

आता त्याच्या तक्रारी नीट बघा, दोन आहेत. बेस कमी आहे, आणि घुमतो पण. कमी असलेली गोष्ट घुमते कशी असा प्रश्न त्याला पडला होता आणि मला वाटतं हा प्रश्न ज्याला नीट सुटला त्याला ट्यूब आणि सॉलिड स्टेटचं (म्हणजे ट्रान्झिस्टरचं) अर्धं भांडण कळलं. म्हणून हे सगळं सोपं करून लिहितोय, गणित थोडं आहे पण शाळेतलंच आहे, घाबरू नका.

आधी घुमट. चवथीला आमच्याकडे गोव्यात फोंड्याला आरतीला घुमट-शामेळ-कासाळें असतंच, त्यामुळे हे वाद्य लहानपणापासून जवळून बघितलंय. मातीचं मडकं, एका मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, पूर्वी घोरपडीचं असायचं आता बोकडाचं, आणि मागे दुसरं छोटं तोंड उघडं. उजवा हात कातड्यावर वाजवतो हे सगळ्यांना दिसतं. पण घुमटाची खरी गंमत डाव्या हातात. डावा तळवा मागच्या उघड्या तोंडाशी असतो, तो बाजूला नेला की आतली हवा मोकळी होते आणि घूंऽऽ असा लांब आवाज निघतो, तळवा दाबला की तोच ठोका आखूड होतो, जागच्या जागी थांबतो. नवीन पोरगा वाजवायला बसला की उजवा हात लवकर जमतो त्याला, डावा जमायला वर्षं जातात, आणि तोवर त्याचे सगळे ठोके एकमेकांत मिसळून नुसती घूंघूं चालू असते. ठोका सुरू करणं एक काम, थांबवणं दुसरं. स्पीकरचंही तसंच आहे, बेस सुरू कुणीही करतो, थांबवायला हात लागतो.

स्पीकरच्या वूफरचा कोन, म्हणजे तो पुढे-मागे हलणारा कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा भाग, हा स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखा असतो. ढकलला आणि सोडला की लगेच गप्प बसत नाही, थोडा वेळ डुलत राहतो. ड्रमचा ठोका संपला तरी कोन डुलतोय म्हणजे तुम्हाला ठोक्याची शेपटी ऐकू येतेय, जी रेकॉर्डिंगमध्ये नाहीच. मग त्याला थांबवतो कोण? अ‍ॅम्प थांबवतो, आणि हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं कारण आपल्याला वाटतं अ‍ॅम्पचं काम फक्त ढकलायचं.

हे घरी करून बघता येतं. जुना वूफर पडलेला असेल, सहा किंवा आठ इंची, तारा न जोडलेला, तर तो मांडीवर घ्या आणि कोनाच्या मध्यावर बोटाने हलकेच टिचकी मारा. "धुम्" असा थोडा लांबलेला आवाज येईल. आता मागच्या दोन टर्मिनलना एकच तारेचा तुकडा लावून ती एकमेकांना जोडून टाका आणि पुन्हा तशीच टिचकी मारा. आवाज आखडतो, "टप्" असा. बोटालाही फरक कळतो, कोन जड झाल्यासारखा वाटतो. मी हे मावसभावाला त्याच्या बाल्कनीत बसून करून दाखवलं तेव्हा तो चार-पाच वेळा तार काढून, लावून बघत बसला, आणि त्यानंतर मला फारसं काही समजवावंच लागलं नाही.

झालं काय, तर चुंबकात कॉइल हलली की ती वीज तयार करते, वूफर त्या क्षणी छोटा जनरेटर होतो. टर्मिनल उघडी असली तर त्या विजेला वाट नाही. तार लावली की करंट फिरतो आणि तोच करंट कॉइलला उलटा धक्का देतो, ब्रेक लागतो. अ‍ॅम्प जोडलेला असतो तेव्हा त्या तारेच्या जागी अ‍ॅम्प असतो. अ‍ॅम्पचा आतला अडथळा, ज्याला आउटपुट इम्पीडन्स म्हणतात, जितका कमी तितका तो त्या तारेसारखा वागतो आणि ब्रेक घट्ट लागतो. हाच तो घुमटावरचा डावा तळवा.

डॅम्पिंग फॅक्टर हा जो आकडा कंपन्या छापतात तो इथूनच येतो. स्पीकरचे ८ ओहम भागिले अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स. चांगल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा ०.०५ ओहम धरला तर उत्तर १६०. मावसभावाच्या ट्यूब अ‍ॅम्पचा साधारण २ ओहम, म्हणजे उत्तर ४. एकशेसाठ आणि चार.

पण इथे थांबा, कारण ह्या आकड्याने लोकांना फार फसवलंय. कुणी सांगेल आमच्या अ‍ॅम्पचा डॅम्पिंग फॅक्टर १००० आहे म्हणून बेस जास्त टाइट. तसं होत नाही, कारण ब्रेकचा करंट जिथून फिरतो त्या वाटेत स्पीकरच्या स्वतःच्या कॉइलची तार पण आहे आणि तिचाच अडथळा ६ ओहमच्या आसपास असतो. तर एकूण अडथळा १६० वाल्या अ‍ॅम्पला ६.०५ आणि १००० वाल्याला ६.००८. हा फरक कुठल्याही कानाला कळणार नाही, स्पीकरची बारीक वायर चार फूट जास्त लांब घेतली तरी याहून जास्त फरक पडतो. ट्यूबवाल्या २ ओहमला मात्र एकूण होतात ८, म्हणजे ब्रेक चांगलाच ढिला. तेव्हा ४ आणि ४० मधला फरक खरा आहे, १०० आणि १००० मधला फरक कागदावरचा आहे, त्यासाठी एक पैसा जास्त देऊ नका.

मग ट्यूबला हे २ ओहम येतात कुठून? ट्यूब, म्हणजे आपल्याकडे जुन्या लोकांचा व्हॉल्व्ह, ही काचेच्या आतल्या पोकळीतून इलेक्ट्रॉन उडवणारी वस्तू आहे. तिला व्होल्टेज भरपूर लागतं, तीनशे-चारशे व्होल्ट आरामात, पण करंट ती इवलासा देते, मिलीअँपिअरमध्ये मोजायचा. स्पीकरला नेमकं उलटं पाहिजे, व्होल्टेज थोडं, करंट पुष्कळ. म्हणून मध्ये एक मध्यस्थ बसवतात, आउटपुट ट्रान्सफॉर्मर. ३००बी ला समोर साधारण ३५०० ओहमचं ओझं दिसायला हवं आणि स्पीकर आहे ८ ओहमचा. ३५०० भागिले ८ म्हणजे ४३७, त्याचं वर्गमूळ २१, म्हणून ट्रान्सफॉर्मरमध्ये एका बाजूला दुसरीपेक्षा २१ पट वेढे. ट्यूबचा स्वतःचा आतला अडथळा ७०० ओहम, तो पण त्याच ४३७ ने भागला जातो, १.६ ओहम झाले, त्यात ट्रान्सफॉर्मरच्या तांब्याच्या तारेचा अडथळा मिळवा, झाले दोन-सव्वादोन. कुणाची चूक नाही यात, वस्तूच तशी आहे.

ट्रान्झिस्टरला हा मध्यस्थ लागत नाही. तो कमी व्होल्टेजवर दणकून करंट देतो, स्पीकरला जवळजवळ थेट जोडता येतो, वर भरपूर निगेटिव्ह फीडबॅक (हे काय ते पुढे येईल) लावून आउटपुट इम्पीडन्स शून्याच्या जवळ नेता येतो. १०० वॉट ८ ओहममध्ये म्हणजे २८ व्होल्ट आणि साडेतीन अँपिअर, आणि स्पीकर मध्येच ४ ओहमवर उतरला तर चांगला अ‍ॅम्प ७ अँपिअर देऊन मोकळा होतो. स्वस्तातले देत नाहीत हं, त्यांचा पॉवर सप्लाय दमतो, ट्रान्झिस्टर म्हटलं की बेस आला असं मुळीच नाही.

ट्रान्सफॉर्मरवर थोडं जास्त बोलतो, कारण ट्यूब अ‍ॅम्पचा बेस काचेत नसतो तर लोखंडात असतो हे माझं ठाम मत आहे. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यात चुंबकत्व मावायला मर्यादा असते. आणि फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती कंपनं (ती हर्ट्झमध्ये मोजतात), जितकी खाली तितकं तेवढ्याच व्होल्टेजला जास्त चुंबकत्व लागतं, ४० हर्ट्झला जितकं लागतं त्याच्या दुप्पट २० ला. गाभा भरला की संपलं, मग पुढचा बेस चपटा होऊन बाहेर पडतो आणि त्याच्याबरोबर वरचा आवाजपण गढूळ होतो, कारण गळा आणि तबला सगळं त्याच लोखंडातून चाललेलं असतं. हिशेब करा, जो ट्रान्सफॉर्मर ४० हर्ट्झला जेमतेम ८ वॉट सोडतो तो २० हर्ट्झला व्होल्टेज अर्धं सोडणार, म्हणजे पॉवर एक चतुर्थांश, २ वॉट. माहितीपत्रकात मात्र २० हर्ट्झ ते ३० किलोहर्ट्झ असं झोकात लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं, फक्त ते १ वॉटवर मोजलेलं असतं. तेव्हा विचारायचं ते हे की पूर्ण पॉवर किती हर्ट्झपर्यंत मिळते. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर समजून जा.

आणि सिंगल एंडेड अ‍ॅम्पला, म्हणजे जिथे एका चॅनेलला एकच पॉवर ट्यूब काम करते तिथे, अजून एक त्रास. त्या ट्यूबचा सरळ डीसी करंट सतत ट्रान्सफॉर्मरमधून वाहत असतो, त्यानेच गाभा अर्धा भरून जातो, म्हणून गाभ्यात मुद्दाम हवेची फट ठेवावी लागते आणि फट ठेवली की खालच्या बेसला जी इंडक्टन्स (बदलत्या करंटला कॉइल जो विरोध करते तो गुण) पाहिजे ती कमी होते. उपाय एकच, ट्रान्सफॉर्मर मोठा करा, म्हणजे जड आणि महाग. पुश-पुलमध्ये दोन ट्यूब विरुद्ध बाजूंनी ओढतात, दोघींचा डीसी एकमेकांना मारतो, फट नको, तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त बेस. ट्यूब अ‍ॅम्प घ्यायला जाल तेव्हा एकदा मागच्या बाजूने उचलून बघा. बेस कुठे आहे ते हाताला कळतं.

आता परत मावसभावाकडे. बेस का घुमतो याचं अर्धं उत्तर मिळालं, ब्रेक ढिला. दुसरं अर्धं असं की स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असतं पण तो आठवर कधी टिकत नाही. त्याच्या मॉडेलचा इम्पीडन्सचा ग्राफ आम्हाला नेटवर मिळाला. ७० हर्ट्झच्या आसपास डोंगर, चाळीस ओहमपर्यंत चढलेला, आणि दीडशेच्या पुढे दरी, ४ ओहमची. २ ओहमचा अ‍ॅम्प ह्या स्पीकरला जोडला की दोघांत व्होल्टेज वाटलं जातं. डोंगरावर ४२ पैकी ४० स्पीकरला मिळतात, म्हणजे ९५ टक्के. दरीत ६ पैकी ४ च, ६७ टक्के. डेसिबलमध्ये हा फरक साधारण ३ चा. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला हाच फरक दशांश एक डेसिबल, म्हणजे नाहीच. कुणीतरी ७० हर्ट्झला टोन कंट्रोल वर फिरवून ठेवल्यासारखं झालंय आणि ते बटण कुणाला सापडत नाहीये. तो घुमणारा बेस म्हणजे हा डोंगर.

आणि कमी बेस म्हणजे साधी वॉटची टंचाई. त्याचे स्पीकर १ वॉटला १ मीटरवर ८७ डेसिबल देतात. ८ वॉटला ९६. शंभर वॉटला १०७. अकरा डेसिबलचा फरक आहे हा, आणि दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. त्यात खालचा बेस सगळ्यात खादाड, तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनाला चौपट लांब हलावं लागतं. त्यामुळे ८ वॉट संपतात ते बेसमध्येच संपतात. ७० चा डोंगर फुगलेला, ४० च्या खाली दम नाही, म्हणून कमी पण आणि घुमणारा पण.

इथे कुणाला वाटेल मी ट्यूबच्या विरोधात आहे. नाही हो. माझ्या स्वतःच्या घरी ट्यूबच आहे आणि मी ती काढणार नाही. ट्यूब मर्यादेजवळ गेली की एकदम तुटत नाही, हळूहळू वाकते, आणि वाकताना मूळ स्वराच्या वरचे स्वर थोडे मिसळते, ४० हर्ट्झबरोबर थोडा ८० आणि थोडा १२०. आपला कान असा बनलाय की वरचे स्वर ऐकले की खालचा स्वर तो मनाने पुरा करतो. म्हणून लहान ट्यूब अ‍ॅम्पवरही बेस भरीव वाटतो, मोजला तर कमी भरतो. डग्ग्यावर मनगट घासून जी मींड काढतात ना, ती चांगल्या ट्यूबवर अशी येते की अंगावर शहारा येतो, आणि ती फार खाली जातच नाही त्यामुळे ८ वॉटला पण झेपते. केसरबाई केरकरांच्या जुन्या तव्यांवरच्या ध्वनिमुद्रणात तर फार खालचा बेस उतरलेलाच नाही, तिथे शंभर वॉट घेऊन काय करणार. दीनानाथांचं नाट्यसंगीत, जितेंद्र अभिषेकींची भजनं, हे सगळं ज्याचं रोजचं ऐकणं आहे त्याने माझा हा लेख इथेच सोडून खुशाल ट्यूब घ्यावी.

पण मावसभाऊ ट्रान्स ऐकतो, म्हणजे पार्ट्यांतलं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत, हणजूण-वागातोरच्या बाजूला वाजतो तो, आणि ट्यूब अ‍ॅम्पची याहून कठीण परीक्षा मला माहीत नाही. मिनिटाला १४५ ठोके धरा. एका ठोक्याचे चार भाग केले की एक भाग जेमतेम एक दशांश सेकंदाचा. किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, पडला, लगेच तीन बेसचे स्वर, पुन्हा किक, असं तासन्तास. ६० हर्ट्झचा कोन दशांश सेकंदात सहाच वेळा हलतो, तेवढ्यात त्याला सुरू होऊन गप्प बसायचंय. जरा डुलला तर तीनही स्वर एकमेकांत कालवले जातात आणि चिखल होतो. तिथे डावा तळवा घट्टच लागतो, पर्याय नाही.

मग सॉलिड स्टेटच घ्यायचा का? बरेच जण घेतात आणि बरोबर करतात. पण मधली वाट जुनी आणि चांगली आहे. १९४७ मध्ये विल्यमसन नावाच्या स्कॉटिश इंजिनियरने वायरलेस वर्ल्ड मासिकात एक पुश-पुल डिझाइन छापलं, १५ वॉटचं, केटी६६ व्हॉल्व्हचं, उत्तम आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि वर २० डेसिबल निगेटिव्ह फीडबॅक. फीडबॅक म्हणजे बाहेर गेलेला आवाज परत आत आणून मूळाशी ताडून बघायचा आणि चूक भरून काढायची, आणि २० डेसिबल फीडबॅकने आउटपुट इम्पीडन्स साधारण दहाव्या भागावर येतो. जगभर लोकांनी तो अ‍ॅम्प घरी बांधला. पुढे १९५१ मध्ये हाफलर आणि केरोस यांनी अल्ट्रालिनिअर जोडणी लोकप्रिय केली, ट्रान्सफॉर्मरच्या मधूनच एक टॅप काढून ट्यूबला परत जोडायचा, आणि आजचे बरेचसे ईएल३४, केटी८८ ट्यूबवाले पुश-पुल त्याच वाटेचे आहेत. असा चाळीस-पन्नास वॉटचा, जड ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प, ९० डेसिबलच्या पुढच्या आणि फार दऱ्या नसलेल्या स्पीकरला जोडा आणि मग मला सांगा ट्यूबला बेस नसतो म्हणून. फीडबॅकचं नाव काढलं की काही शौकिनांना राग येतो, आवाज मेला म्हणतात. थोडा हलका होतो हे मी पण मानतो. पण बेस हवा तर ही किंमत आहे.

मावसभावाला नवा अ‍ॅम्प घ्यायचा नव्हता, पैसे संपले होते. म्हणून आम्ही आधी फुकटचे उपाय केले.

पहिला, मागे ४ ओहम आणि ८ ओहम असे दोन टॅप, म्हणजे स्पीकर जोडायच्या जागा, असतात, त्याने स्पीकर ८ वर जोडलेले, ते ४ वर आणले. ह्याने आउटपुट इम्पीडन्स साधारण निम्मा होतो, १ ओहम. डोंगर-दरीतला फरक ३ वरून १.७ डेसिबलवर. करायला दोन मिनिटं, अ‍ॅम्प बंद करून. जोरात वाजवायची ताकद काही स्पीकरांवर थोडी कमी होते पण त्याच्या दऱ्या असलेल्या स्पीकरला उलट ४ च बरोबर. ज्याच्याकडे ट्यूब आहे त्याने आज रात्रीच हे करून बघावं.

दुसरा, त्याचे स्पीकर पोर्टवाले, मागे नळीचं भोक. तेच घुमट, मडकं आणि मागचं उघडं तोंड. त्या भोकात सुती कापडाची सैल गुंडाळी घातली, तळवा अर्धा दाबल्यासारखं. अगदी खालचा बेस थोडा गेला पण उरला तो सुटसुटीत झाला.

तिसरा, खोली. त्याचा हॉल ४ मीटर रुंद, चारी बाजूंनी काँक्रीट, वर स्लॅब. आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास जातो, त्याला रुंदीच्या दुपटीने भागलं की ४३-४४ हर्ट्झ, म्हणजे बेस गिटारच्या सगळ्यात जाड तारेच्या, ४१ हर्ट्झच्या, अगदी शेजारी. त्या स्वराला ही खोली स्वतःच गाते. सोफा भिंतीला टेकलेला होता आणि भिंतीपाशीच हे सगळ्यात जास्त असतं, तो तीन फूट पुढे ओढला. मावशीला हॉलच्या मधोमध सोफा काही आवडलेला नाही अजून. हाच अ‍ॅम्प आणि हेच स्पीकर आम्ही एकदा फोंड्याच्या जुन्या घरी नेऊन लावले, चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, तिथे घुमणं जवळपास नाहीच, पण खालचा बेस पण कौलांच्या फटींतून बाहेर, वाड्यावरच्या लोकांना आमच्यापेक्षा चांगला ऐकू आला असेल. खोली ही अ‍ॅम्पपेक्षा मोठी गोष्ट आहे, हे लिहून ठेवा.

एवढं करून घुमणं गेलं, ट्रान्सला लागतो तो दणका मात्र आला नाही, येणारच नव्हता, ८ वॉटमध्ये नाहीच तो. मग शेवटी दहा इंची अ‍ॅक्टिव्ह सबवूफर घेतला, सेकंडहँड, त्याच्या पोटात स्वतःचा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प. आणि इथे बहुतेक लोक जी अर्धी पायरी सोडतात ती सांगतो. नुसता सबवूफर जोडून चालत नाही, ट्यूब अ‍ॅम्पच्या डोक्यावरचा बेसचा भार काढायला पाहिजे. त्याच्या डॅकलाच (डिजिटल गाण्याचा साधा सिग्नल करणारा डबा) व्हॉल्यूम आहे त्यामुळे जमलं, डॅकमधून दोन फाटे काढले, एक सरळ सबला, दुसरा ट्यूब अ‍ॅम्पला पण वाटेत ०.०२२ मायक्रोफॅरडचा एक छोटा कपॅसिटर. अ‍ॅम्पचा इनपुट १०० किलोओहमचा असल्यामुळे ७२ हर्ट्झच्या खाली सिग्नल हळूहळू कमी होत जातो. दहा-वीस रुपयांची वस्तू. पण त्या दिवशी सगळ्यात जास्त सुधारला तो बेस नव्हे, गळा सुधारला! लोखंडावरचं ओझं उतरलं, आठही वॉट गाण्याला मिळाले, आणि खालचं काम ज्याला ते जमतं त्याने उचललं. तुमच्या अ‍ॅम्पचा इनपुट वेगळा असेल तर कपॅसिटर वेगळा लागेल, ४७ किलोओहमला ०.०४७ घ्या, साधारण तेवढ्यावरच येतं.

सबचा क्रॉसओव्हर, म्हणजे कुठल्या हर्ट्झच्या खाली सबने वाजायचं ते ठरवणारं बटण, ७० च्या जवळ ठेवा आणि लेव्हल आधी कमीच. सब वाजतोय हे कळता कामा नये, बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटलं पाहिजे, तिथे पेन्सिलने खूण करा.

आपल्या हवेबद्दल दोन गोष्टी. जून ते सप्टेंबर ट्यूबच्या पिना आणि सॉकेट ओल आणि खाऱ्या वाऱ्याने काळवंडतात, मग खरखर येते आणि लोक ट्यूब गेली म्हणून नवी आणतात. अ‍ॅम्प बंद करून पूर्ण थंड झाल्यावर ट्यूब काढून पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. अ‍ॅम्पचं झाकण मात्र उघडू नका, आत चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये बराच वेळ साठून राहतात, माणूस मारायला पुरेसे. आणि स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प चालू करून गाणं लावू नका, ट्रान्झिस्टरवाला हे सहन करतो, ट्यूबच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज चढून तो जळू शकतो, आणि अख्ख्या अ‍ॅम्पमध्ये तीच सगळ्यात महाग वस्तू.

गेल्या आठवड्यात मावसभावाचा परत फोन होता, कुणीतरी त्याला सांगितलंय की अमुक देशाच्या जुन्या स्टॉकमधल्या ३००बी घातल्या की बेस दुप्पट होतो, जोडीची किंमत ऐकून मीच गप्प झालो. त्याला म्हटलं, ट्यूब बदलल्याने आवाजाचा पोत थोडा बदलेल, तुला आवडेलही, पण ट्रान्सफॉर्मर तोच राहणार आणि त्याचे वेढेही तेच राहणार. त्या पैशात दुसरा सबवूफर येतो, आणि दोन सब खोलीत दोन वेगळ्या जागी ठेवले की तो ४३ हर्ट्झचा फुगवटा पण बराच बसतो. तो म्हणाला, मावशीला विचारून सांगतो.